कोंबडीखत आणि काकीचा हात

ज्यांच्यासमोर हे सांगायला हवं होतं, त्यांतलं आता कोणीही उरलेलं नाही. मी इतकी वर्षं थांबलो तो बहुधा त्यासाठीच. मुलांनी मागे लागून नोकरीतल्या आठवणी लिहायला लावल्या, तेव्हा मी बाकी सगळं लिहिलं. कोणत्या गावात कुठलं बियाणं नेलं, कुठल्या पावसात कुठला साकव वाहून गेला, साहेब लोक कसे होते, सगळं. पण आमच्याच वाडीतलं एक साल मी दर वेळी ओलांडून पुढे गेलो. विचारलं कोणी, तर आठवत नाही म्हणायचो. आठवत होतं. आजही त्या कुणग्यातल्या भाताचा वास आठवतो.

आमची वाडी मसुऱ्याच्या अलीकडे. डोंगराच्या पायथ्याशी मळा, मधून वाहणारा ओढा, आमचा व्हाळ, आणि व्हाळाच्या दोन्ही अंगांना भाताचे कुणगे, म्हणजे बांध घातलेले जमिनीचे लहान तुकडे, पायऱ्यांसारखे खाडीच्या दिशेने उतरत गेलेले. वरच्या कुणग्यातलं पाणी खालच्यात उतरतं. त्यामुळे मळ्यात कोणाचंच काही झाकून राहत नाही.

माझी एक चुलत काकी आमच्या शेजारच्या घरात राहायची. काका बोटीवर खलाशी. दोन-दोन वर्षांनी यायचे, महिनाभर पडवीत झोपून काढायचे आणि परत जायचे. मूल नव्हतं. त्यामुळे बारशाला, ओटी भरायला बायका जमल्या की काकी आपण होऊनच मागे भिंतीला टेकून बसायची. कोणी तसं सांगत नसे. सांगावं लागत नसे.

लावणीत मात्र ती सगळ्यांच्या पुढे असायची. आमच्याकडे लावणीचा पहिला दिवस ठरला की घरमालक एका बाईला बोलावून आणायचा आणि रोपांची पहिली मूठ तिच्या हाताने चिखलात लावून घ्यायचा. मग बाकीच्या बायका उतरायच्या. काकी नवी नवरी असताना कधीतरी, दुसरी कोणी हजर नाही म्हणून, तिच्या हातून पहिली मूठ लागली होती आणि त्या साली भात धो धो पिकलं होतं. तेव्हापासून काकीचा हात बरा, हे वाडीने धरूनच ठेवलं. लावणीच्या दिवसांत सकाळपासून तिच्या अंगणात माणसं यायची. ‘काकी, आधी आमच्याकडे’, ‘काकी, तुका न्हेवक इलंय’. ती जुनं लुगडं वर खोचून, डोक्यावर इरलं घेऊन, या कुणग्यातून त्या कुणग्यात फिरायची. एक नारळ आणि ओटीत मूठभर तांदूळ, एवढाच त्याचा मान. पण त्या दिवसांत ती चालायचीसुद्धा वेगळी.

मी शेती खात्यात नोकरीला लागलो तो पन्नास सालानंतरची काही वर्षं उलटल्यावर. तेव्हा आमचा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. आधी धामापूरकडे होतो, मग आमच्याच पट्ट्यात आलो. साठ सालाच्या पुढे सल्फेट खताची मागणी वाढली आणि पुरवठा मात्र कधी वेळेवर झाला नाही. वरून सांगणं आलं की गावातली खतं वापरा, भाताला नत्र मिळेल असं बघा. त्याच सुमारास मिलिटरीतून परत आलेल्या एका गृहस्थांनी वाडीच्या वरच्या कातळमाळावर, सड्यावर, पांढऱ्या कोंबड्यांचं मोठं खुराडं घातलं होतं. त्यांना सगळे सुभेदार म्हणायचे. कोंबड्यांच्या पायाखाली भाताचा तूस पसरलेला असायचा. तो शिटेने भरला की काढून बाहेर टाकायचा. त्या ढिगाचा वास अर्ध्या वाडीत जायचा आणि सुभेदार कोणी फुकट नेईल काय म्हणून वाट बघत बसलेले असायचे.

शिकवणीत मी ऐकलं होतं की कोंबडीच्या शिटेत शेणापेक्षा नत्र कितीतरी जास्त. मी आधी वडिलांना विचारलं.

“माझ्या कुणग्यात ती घाण?” वडील म्हणाले. “सरकारान शिकवल्यान म्हणान काय पण करशीत? आधी दुसऱ्याच्यात कर. मगे माझ्यात ये.”

मी दुसऱ्याच्यात केलं. काकीकडे एकच गाय होती, शेणखत कधी पुरायचं नाही. तिचा व्हाळाकडचा कुणगा रेताड होता.

“काकी, तुझ्या व्हाळाकडल्या कुणग्यात कोंब्यांचा खत घालून बघूया?”

“कोंब्यांचा? अरे, कोंबो सागोतीक बरो. शेतीक कित्या?”

“शेणापेक्षा ताकद जास्त आसा त्यात.”

“ताकद आसा ता वासावरनाच कळता. सुभेदाराच्या वाटेन गेलंय तर नाकाक पदर लावचो लागता.” मग हसून म्हणाली, “तू सांगतस तर घालतंय. भात झाला नाय तर तुमच्याच घराक जेवूक येतलंय. सांगान ठेव आवशीक.”

पहिलं वर्ष चांगलं गेलं. आम्ही खत हिवाळ्यातच आणून खड्ड्यात घातलं, वर माती आणि पाला टाकला, पाणी शिंपडत राहिलो. मे महिन्यात उघडलं तेव्हा त्याला वास नव्हता, काळं आणि मऊ झालं होतं. नांगरटीच्या आधी ते कुणग्यात पसरलं. त्या रेताड जमिनीत काकीला कधी मिळालं नव्हतं तेवढं भात मिळालं. वाडीत तिची थट्टा व्हायची. “काकीकडचो भात खाव नको रे, अंडी घालशीत!” तीही ऐकून घ्यायची नाही. “घालीन तर घालीन. तुझ्या बायलेक इकत देतलंय.”

मी कचेरीत हे सांगितलं. साहेबांनी ठरवलं की पुढच्या वर्षी हाच कुणगा प्रात्यक्षिक म्हणून धरायचा आणि गणपतीनंतर ते स्वतः बघायला येणार. मी तेव्हा कायम झालो नव्हतो. साहेबांचा शब्द माझ्यासाठी काय होता हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या वर्षीही खत तसंच कुजवून घातलं. काकीने स्वतःच्या हाताने पहिली मूठ लावली. श्रावणात तो कुणगा मळ्यात लांबून ओळखू यायचा, इतका काळपट हिरवा. येणारे-जाणारे मेरेवर, म्हणजे बांधावर, थांबायचे. वडीलही एकदा थांबले, मग पुढे गेले. मला तेवढं पुरे होतं.

भाद्रपदात रंग थोडा उतरला. आज मला माहीत आहे की भात पोटरीला यायच्या, म्हणजे लोंबी धरायच्या, आधी असं थोडं फिकटतं, त्यात काळजीचं काही नसतं. तेव्हाही माहीत असायला हवं होतं. पण साहेब यायचे होते आणि मला तो श्रावणातला रंग दाखवायचा होता. खड्ड्यातलं कुजलेलं खत संपलं होतं. सुभेदारांकडे ताजा ढीग होता. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी मी काकीच्या मागच्या दाराशी गेलो. ती नैवेद्याला नारळ खवत होती.

“काकी, भात वाईच पिवळा दिसता. सायब येवच्या आधी आणखी एकदा खत घालूया.”

“आज? गणपती आसत रे घरात. ती घाण हाताक लावन मगे नैवेद्य कसो करू?”

“घालून झाल्यार आंघोळ कर.”

तिने माझ्याकडे बघितलं. “तुझ्या सायबासाठी आता देवाक ताटकळत ठेवचो?” असं म्हणाली खरी, पण विळी बाजूला सारून उठली. माझीच टोपली घेऊन गेली आणि सुभेदारांच्या ढिगावरून भरून आणली. सगळी वाडी आरत्यांत आणि मोदकांत होती, मळ्यात चिटपाखरू नव्हतं. मी मेरेवर उभा राहून कुठे टाक, किती टाक ते सांगत होतो आणि काकी गुडघाभर पाण्यात उभी राहून ती ओली, गरम शीट हाताने शिंपडत होती. मी उतरलो नाही. माझ्या अंगावर गणपतीचे नवे कपडे होते.

साहेब आले तेव्हा कुणगा बघण्यासारखा होता. त्यांनी पानं हातात धरून बघितली, काकीला नमस्कार केला. काकी पदर सावरत माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “ह्या पोराचाच सगळा.” साहेब हसले. माझा चेहरा फुलला असणार.

मग नवरात्रात वाऱ्याचा पाऊस आला. आमचं जुनं, उंच वाढणारं भात. नत्र जास्त झालेलं, नुसत्या पाल्याने माजलेलं. एका रात्रीत ते कुणग्यात झोपलं. उरलं त्यावर करपा आला. लोंब्या माने‍शी काळ्या पडून मोडल्या. हातात घेऊन दाबलं तर दाणा नव्हता, नुसतं टरफल. करपा तिथेच थांबला नाही. खालच्या दोन-तीन कुणग्यांच्या कडाही काळवंडल्या.

दसऱ्यानंतर देवळाच्या मंडपात माणसं जमली. तेव्हा असे प्रश्न तिथेच निघायचे. गावकर, म्हणजे गावचे मानकरी, पुढे, पुरुष खांबांना टेकून, बायका मागे पायऱ्यांजवळ. ज्यांचे कुणगे खाली होते ते तापले होते.

“कोंब्यांच्या खताचो तूस आमच्या कुणग्यापर्यंत व्हावान इलो,” त्यांच्यातला एक म्हणाला. “गणपतीत. म्हणजे दुसऱ्यांदा घातला तिना.”

गावकरांनी मला विचारलं, “खत कितीदा घालूक सांगललंस?”

घरी, मळ्यात, देवळात मी कायम मालवणीत बोलणारा. त्या दिवशी माझ्या तोंडातून कचेरीतली मराठी निघाली.

“खात्याच्या सूचनेप्रमाणे खत एकदाच द्यायचं असतं. मी एकदाच सांगितलं होतं. नंतर कोणी किती टाकलं, याची मला कल्पना नाही.”

मी मागे वळून बघितलं नाही, पण काकी तिथे बसलेली होती हे मला माहीत होतं. ती आता उठेल आणि म्हणेल, ‘अरे, तूच नाय सांगलंस?’ या भीतीने मी गावकरांकडेच बघत राहिलो. ती उठली नाही. गावकर म्हणाले, “म्हणजे हाव.” मागून कोणी बाई म्हणाली, “गणपती घरात असताना ती घाण हातान घातल्यान. हात बरो होतो तो स्वतःच घालवल्यान.”

ते वाक्य मंडपात पडलं आणि राहिलं. खताचं प्रकरण तिथे संपलं आणि हाताचं सुरू झालं. मला ते थांबवता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं की दोष खताचा आहे, आणि खत मी सांगितलं. पण मग कुणग्यांच्या मालकांनी माझी कॉलर धरली असती, साहेबांच्या कानावर गेलं असतं.

बाहेर पडताना काकी पायरीवर थांबली होती. मी जवळ येताच हळूच म्हणाली, “तुझी टोपली माझ्याकडे ऱ्हवली हा रे. घेवन जा.” मी घाबरलो. ती टोपली ती लोकांना दाखवेल असं मला वाटलं. आज कळतं, तिच्या मनात तसलं काही नव्हतं. टोपली माझी होती आणि ती परत द्यायची होती, एवढंच. मी ती आणायला गेलो नाही.

पुढच्या वर्षी लावणी सुरू झाली तेव्हा मी गावातच होतो. त्या सकाळी काकी नेहमीसारखी तयार झाली. जुनं लुगडं खोचलं, इरलं दारात आणून ठेवलं आणि पडवीच्या कडेला बसली. पावसाची रिपरिप चालू होती. आमच्या अंगणातून मला ती दिसत होती. पहिलं घर आलं नाही. दुसरंही नाही. थोड्या वेळाने मळ्यातून बायकांचं बोलणं, हसणं ऐकू यायला लागलं. म्हणजे पहिली मूठ लागली होती, कोणाच्या तरी दुसरीच्या हाताने. काकी तरीही बसून होती. आई चहा घेऊन तिच्याकडे गेली.

“कोणी येवक नाय गो अजून?” आईने विचारलं. असं विचारायला नको होतं, पण आईला दुसरं काय सुचणार?

“येतले,” काकी म्हणाली. “पाऊस पडता मा गो.”

पावसात लावणी थांबत नाही. पावसातच लावणी होते. आईने कप तिच्या हातात दिला आणि परत आली. दुपारी बघितलं तर पडवी रिकामी होती आणि इरलं आत गेलं होतं.

आमच्या घरची लावणी दोन दिवसांनी होती. वडिलांना सांगावं, काकीला बोलवा, असं माझ्या मनात आलं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ‘का’ म्हणून विचारलं असतं.

त्यानंतर तिला कोणी कधीच बोलावलं नाही. तिच्याशी कोणी भांडलं नाही, वाळीत टाकलं नाही, पाणी भरायला, भाजी मागायला बायका यायच्या जायच्या. फक्त लावणीच्या दिवशी तिच्या अंगणात कोणी यायचं नाही. आणि माझ्याशी ती आधीसारखीच राहिली. सुट्टीत घरी आलो की वाटीभर सोलकढी झाकून पाठवायची. मला तिच्या बोलण्यात टोमणा शोधायची सवय लागली. सापडला असता तर बरं वाटलं असतं.

मी कायम झालो, बदली होऊन कणकवलीकडे गेलो. कोंबडीखताचा मी जाणकार समजला जाऊ लागलो. गावोगावी सभा घ्यायचो. शीट आधी कुजवा, ताजी पिकात टाकू नका, पोटरीला येणाऱ्या भाताला नत्र देऊ नका. सगळं बरोबर सांगायचो. आणि लोकांना पटावं म्हणून एक उदाहरण द्यायचो. म्हणायचो, आमच्या वाडीत एका बाईने अधिक पिकावं या हावेने दुसऱ्यांदा ताजं खत घातलं आणि सगळं भात घालवलं. लोक हसायचे. हे मी एकदा नाही, वर्षानुवर्षं केलं. पुढे पुढे मला ते खरंच वाटायला लागलं होतं. एखाद्या सभेत बोलता बोलता मध्येच नव्या कपड्यांत मेरेवर उभा असलेला मी मला दिसायचो आणि मी पाण्याचा पेला मागायचो.

एका आषाढात रजेवर आलो होतो. व्हाळाकडून चाललो होतो. काकीच्या कुणग्यात लावणीची तयारी झालेली, चिखल करून ठेवलेला. काकी मेरेवर उभी होती आणि शेजारच्या घरातली एक लग्न होऊन आलेली मुलगी चिखलात पहिली मूठ लावत होती. मी थांबलो.

“काकी, तू नाय लावणस?”

“नको रे. हिचो हात बरो आसा,” ती म्हणाली. मुलीला म्हणाली, “वाईच आत लाव गो, मेरेक लागान नको.”

स्वतःच्या जमिनीतसुद्धा. तोपर्यंत मी समजत होतो की वाडीने तिच्यावर अन्याय केला आणि ती तो गिळून बसली आहे. खत कोणी सांगितलं हे तिला माहीत होतं, म्हणून आपल्यात काही खोट नाही हेही तिला माहीत असेल, असं मी धरून चाललो होतो. माझ्या मनाला तेवढा आधार होता. त्या दिवशी तोही गेला. तिने ते खरं मानलं होतं. आपल्या हाताचं यश संपलं, देव घरात असताना आपण घाण हाताळली, म्हणून ते झालं. मी मंडपात जे बोललो ते बहुधा तिने माझ्या नोकरीची अडचण म्हणून सोडून दिलं असेल. ती बाई जे बोलली ते मात्र तिने धरून ठेवलं.

काका बोटीवरून कायमचे परत आले, दीड-दोन वर्षांत गेले. साठचं दशक संपत आलं तेव्हा काकीही अंथरुणाला लागली. पोट फुगलं होतं, अन्न जात नव्हतं. कणकवलीच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. आई तिच्याजवळ बसायची. निरोप आला तसा मी गेलो. एसटीत पूर्ण वाट मी वाक्य जुळवत होतो. मालवणीत जुळवत होतो, कारण दुसऱ्या भाषेत ते तिच्यापर्यंत पोचलं नसतं.

खोलीत धुराचा आणि तेलाचा वास होता. आई अंथरुणाशी बसून तिचे पाय, मग हात चोळत होती. काकीचे हात सुकून काटक्या झाले होते. मला बघून तिला बरं वाटलं.

“जेवलस?” तिने आधी ते विचारलं.

“जेवलंय.”

“खोटा बोलतस. तोंड सुकला हा.” आईला म्हणाली, “ह्याका कायतरी घाल गो.”

आई उठली नाही. काकी थोडा वेळ डोळे मिटून राहिली. मला वाटलं झोपली. मग डोळे न उघडताच म्हणाली,

“तू शिकललो आसस. एक विचारू? त्या साली भात गेला. ता माझ्या हातानच गेला मा रे?”

ती मला दोष देत नव्हती. खरोखर विचारत होती. जाण्याआधी तिला ते एकच कळायला हवं होतं, आणि ते सांगू शकणारा जगात मी एकटा होतो. आई माझ्याकडे बघत होती. आईला काही माहीत नव्हतं. आपला मुलगा मोठ्या हुद्द्यावर आहे, गावोगावी भाषणं देतो, एवढंच तिला माहीत होतं. एसटीत जुळवलेलं वाक्य म्हणायला मी तोंड उघडलं. आईचा चेहरा दिसला आणि मी म्हटलं,

“आता त्येचा काय काकी. झाला ता झाला.”

“होय,” काकी म्हणाली. “झाला ता झाला.” आणि आपला हात आईच्या हातातून काढून घेऊन तिने गोधडीखाली घेतला.

मी रात्रभर राहणार होतो. संध्याकाळच्या गाडीने परत गेलो. कचेरीत काम आहे म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी निरोप आला.

एसटीत जे जुळवलं होतं ते मला आजही जसंच्या तसं पाठ आहे. ते एवढंच होतं: काकी, तुझो हात बरोच होतो. दुसऱ्यांदा खत घालूक मियाच सांगलंय, आणि देवळात खोटा बोललंय. माका माफ कर.